भुवईची साक्ष



आपल्याकडे बाईचा डावा डोळा लवला की शुभ मानतात आणि उजवा लवला की मनात पाल चुकचुकते. पुरुषांचं याच्या उलट. नाशिककरांना तर हे रामायणातूनच मिळालेलं आहे. पंचवटीत सीता गुंफेसमोर रांगेत उभं राहिलं की कुणी ना कुणी आजी सांगतेच, की अशोकवनात हनुमान भेटायच्या आधी सीतामाईचा डावा डोळा लवला होता. ऐकायला गोड वाटतं. पण आज आम्हाला तुम्हाला वेगळंच विचारायचं आहे. डोळा लवायला लागला आणि थांबलाच नाही तर? आठवडा गेला, महिना गेला, वर्ष गेलं, तरी थांबला नाही तर?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं असंच झालं. निफाड तालुक्यातल्या. हंगामात द्राक्षाच्या पॅकहाऊसला ग्रेडिंगच्या कामाला जातात. वय पंचेचाळीसच्या आसपास. पहिल्यांदा डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत नुसती फडफड व्हायची. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं आहे, काही तरी शुभ कळणार." सहा महिन्यांत फडफड गालावर उतरली. वर्षभरात ओठाचा कोपरा वर ओढला जाऊ लागला आणि डोळा गच्च मिटायला लागला. दुखत नव्हतं. पण दिवसातून कितीदा तरी अर्धा चेहरा आपल्या मनाने आवळायचा आणि सुटायचा.

पॅकहाऊसमध्ये कुणी तरी म्हणालं, "ही डोळे मारते." ते घरापर्यंत गेलं. पुढचं तुम्हीच समजून घ्या. ताई गटाच्या बैठकीत पदराने अर्धं तोंड झाकून बसायला लागल्या. मग बैठकीलाच येईनाशा झाल्या. दृष्ट काढून झाली, लिंबू उतरवून झालं. एका डॉक्टरांनी तपासल्यासारखं केलं आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. आम्ही घरी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंड वाकडं होतं त्याचं काही नाही. पण सगळ्यांना वाटतं मी मुद्दाम करते, ते सहन होत नाही."

त्यांच्यासाठी माहिती गोळा करताना आम्हाला कळलं, की हा आजार जुना आहे आणि "मुद्दाम करते" हा आरोपही जुना आहे. तो आरोप खोटा ठरवायला जगाला बराच काळ लागला. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

आधी एक शब्द ठरवून घेऊ. आपण बोलताना रक्ताच्या नळीलाही नस म्हणतो आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या दोऱ्यालाही नसच म्हणतो. आजच्या गोष्टीत दोन्ही आहेत आणि त्यांचंच भांडण आहे. म्हणून रक्ताच्या नळीला रक्तवाहिनी म्हणू आणि निरोप नेणाऱ्या दोऱ्याला मज्जातंतू. मेंदूतून अशा मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यातली सातवी जोडी चेहरा हलवते. हसणं, डोळा मिटणं, फुंकर मारणं, भुवई उडवणं, सगळं तिचं काम. डाव्या बाजूचा मज्जातंतू डावी बाजू हलवतो, उजव्या बाजूचा उजवी. पाचवी जोडी वेगळी. चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळतात त्या पाचवीमुळे.

हा फरक आज सोपा वाटतो, पण दोनशे वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही तो ठाऊक नव्हता. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणाऱ्या रोग्याची कळ थांबवायची म्हणून सर्जन चेहरा हलवणारा मज्जातंतू कापून टाकत. कळ तशीच राही आणि वर अर्धा चेहरा लुळा पडे. १८२१ साली लंडनमध्ये चार्ल्स बेल यांनी दाखवून दिलं, की चेहरा हलवणारा दोरा निराळा आणि वेदना सांगणारा निराळा. एकाएकी तोंड वाकडं होतं, अर्धा चेहरा हलत नाही, त्या आजाराला आजही डॉक्टर 'बेल्स पाल्सी' म्हणतात, तेच हे बेल. ताईंचा आजार त्याच्या बरोबर उलट होता. तिथे चेहरा हलत नाही, इथे थांबत नाही.

पुढची पायरी जर्मनीत पडली. १८७५ साली फ्रीडरिश शुल्त्से या डॉक्टरांनी ५६ वर्षांच्या एका माणसाचं शवविच्छेदन केलं. जिवंत असताना त्याचा डावा अर्धा चेहरा सारखा आवळत असे. डोक्याच्या आत, मेंदूच्या बुडाशी त्यांना दिसलं, की एक रक्तवाहिनी फुगून चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाबून बसली आहे. आजाराचं मूळ डोळ्यासमोर होतं. पण मेलेल्या माणसात दिसलं ते जिवंत माणसात बघायची सोय नव्हती. त्यामुळे ती नोंद बरीच वर्षं नुसती नोंदच राहिली.

आता पॅरिसला जाऊ. तिथे साल्पेत्रिएर नावाचा प्रचंड मोठा दवाखाना आहे. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा जिथे तयार होत असे, त्या जागेवर सतराव्या शतकात तो उभा राहिला, म्हणून हे नाव. गरीब, निराधार, वेड्या ठरवलेल्या, म्हाताऱ्या बायकांना तिथे हजारोंनी ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शार्को नावाचे नामांकित डॉक्टर तिथे व्याख्यानं देत. हिस्टेरिया झालेल्या बायकांना भरल्या सभेत उभं करून त्यांचे झटके दाखवले जात. १८८७ साली त्या सभेचं एक मोठं चित्र काढलं गेलं. चित्रात एक बाई शुद्ध हरपून मागे झुकली आहे, समोर पुरुषांची गर्दी बघते आहे आणि एका तरुण डॉक्टरने तिला मागून धरलं आहे.

त्या तरुण डॉक्टरांचं नाव जोसेफ बाबिन्स्की. पुढे आयुष्यभर त्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. समोरच्या माणसाचं दुखणं मनातून आलेलं आहे की मज्जातंतूतून, हे खात्रीने कसं ओळखायचं? १८९६ साली त्यांनी पायाच्या अंगठ्याची खूण सांगितली. तळपायावरून टोकदार वस्तू ओढली आणि मोठ्या माणसाचा अंगठा वर गेला, तर बिघाड मेंदूत किंवा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आहे असं समजायचं. जगभरचे डॉक्टर ही तपासणी आजही करतात.

आपल्या कामाची खूण त्यांनी १९०५ साली सांगितली. अर्धा चेहरा आवळणाऱ्या रोग्याकडे नीट बघा. झटका येतो तेव्हा त्या बाजूचा डोळा मिटतो आणि त्याच वेळी त्याच बाजूची भुवई वर जाते. आता घरी आरशासमोर उभ्या राहा आणि एक डोळा गच्च मिटून बघा. भुवई खाली येते ना? डोळा मिटताना भुवई वर न्यायचा प्रयत्न करा. जमणार नाही. नाटक करणाऱ्यालाही जमत नाही, कारण आपल्या मर्जीने हे दोन्ही एकदम करताच येत नाही. मज्जातंतूच वेडावाकडा पेटला, तरच दोन्ही स्नायू एकदम ओढले जातात.

मैत्रिणींनो, बाई खोटं बोलत नाही याची साक्ष तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असते. झटक्याच्या वेळी ताईंची भुवई वर जात होती. ते कितीतरी जणांनी पाहिलं असेल, पण साक्ष कुणी वाचली नाही. आणखी एक साक्ष त्यांच्या मुलीने आम्हाला सांगितली. आई झोपलेली असतानाही तिचा गाल उडायचा. या आजारात झोपेतही झटके येऊ शकतात. झोपेत कोण कुणाला डोळा मारतं?

आजार खरा आहे हे कळलं, पण उपाय कुठे होता? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपाय म्हणजे मज्जातंतूत अल्कोहोल टोचणं किंवा तो कापणं. झटके थांबत, पण चेहराही थांबे. डोळा पुरता मिटत नसे आणि पाणी प्यायलं तर ओठाच्या कोपऱ्यातून गळे.

अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी नावाचे मेंदूचे सर्जन होते. चेहऱ्यात कळ मारणाऱ्या रोग्यांवर ते कानाच्या मागच्या बाजूने शस्त्रक्रिया करत. तिथून पाचव्या मज्जातंतूचं मूळ उघडं पडायचं. त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं, की त्या मुळाशी रक्तवाहिनी चिकटलेली आहे. १९३४ साली त्यांनी लिहिलं, की कळ येण्याचं कारण हेच असावं. त्यावर फार कुणाचा विश्वास बसला नाही. १९६२ साली क्लीव्हलँडचे जेम्स गार्डनर यांनी आपल्याच आजाराविषयी, म्हणजे अर्धा चेहरा आवळण्याविषयी लिहिलं, की मज्जातंतू न कापता त्याच्यावरचा दाब काढला तर चेहरा शांत होऊ शकतो.

पण खोल, अंधाऱ्या, अरुंद जागेत केसाएवढ्या रक्तवाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसणार कशा? त्यासाठी शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप हवा होता. १९६६ च्या सुमारास लॉस एंजेलिसला पीटर जॅनेटा हे शिकाऊ सर्जन दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मृतदेहातल्या मज्जातंतूंचं विच्छेदन करत होते. मायक्रोस्कोपखाली त्यांना पाचव्या मज्जातंतूच्या मुळावर रक्तवाहिनीचा दाब स्पष्ट दिसला. लवकरच त्यांनी चेहरा आवळणाऱ्या रोग्याच्या सातव्या मज्जातंतूपाशीही तसंच पाहिलं, दाब दूर केला आणि चेहरा शांत झाला. मोठमोठ्या सर्जननी बरीच वर्षं त्यांचं म्हणणं मानलं नाही. पुढे पिट्सबर्गला त्यांनी हे काम वाढवलं आणि १९७७ साली ४७ रोग्यांचा अनुभव छापला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर पसरू लागली.

आता आजार नेमका कसा होतो ते बघू. विहिरीवरच्या मोटारीची केबल कपारीला घासत राहिली तर काय होतं? वरचं रबर झिजतं, आतल्या तारा एकमेकींना लागतात आणि मोटार भलत्या वेळी चालू-बंद होते. मज्जातंतूवरही असंच आवरण असतं. तो मेंदूच्या देठातून बाहेर पडतो तिथे ते आवरण सगळ्यात नाजूक असतं. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या कडक होतात, लांबतात, त्यांना वेटोळं पडतं. असं एखादं वेटोळं नेमकं त्या नाजूक जागी टेकलं, की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तिथे टोला बसतो. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी दिवसाला लाखावर टोले होतात. आवरण झिजतं आणि डोळ्याचा निरोप गालाला, गालाचा ओठाला जाऊ लागतो.

बहुतेकांना हा त्रास चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो साधारण दुप्पट दिसतो.

शस्त्रक्रिया काय असते? पूर्ण भूल देतात. कानाच्या मागे, केसांच्या कडेला छोटा छेद घेतात आणि हाडाला मोठ्या नाण्याएवढं भोक पाडतात. मायक्रोस्कोपमधून बघत, हल्ली काही ठिकाणी बारीक दुर्बीण आत घालूनही, मेंदूला धक्का न लावता मुळापर्यंत जातात. चेहरा हलवणारा मज्जातंतू आणि ऐकू येण्याचा मज्जातंतू तिथे शेजारी शेजारी असतात, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना यंत्राने कानाच्या संदेशांवर लक्ष ठेवतात. दाबणारी रक्तवाहिनी हळूच बाजूला करतात आणि मज्जातंतू व रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनच्या कापसासारख्या तंतूंची छोटी गादी ठेवतात. टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. १९३८ साली अमेरिकेत ते अपघातानेच सापडलं. शरीर त्याला सहसा त्रास देत नाही आणि ते विरघळतही नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या शस्त्रक्रियेत मज्जातंतू कापत नाहीत. भांडणारे दोघे दूर करून मध्ये उशी ठेवायची, एवढंच.

"एवढंच" म्हटलं तरी ते मेंदूच्या देठाजवळचं काम आहे. छेद छोटा असला म्हणून धोका छोटा असं समजू नका. जॅनेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली आपल्या रोग्यांचा मोठा हिशेब मांडला. दहा वर्षांनंतरही शंभरातल्या ८४ जणांचा चेहरा उत्तम शांत होता. पण शंभरात दोन-तीन जणांचा त्या बाजूचा कान कायमचा गेला, सुमारे शंभरात एकाचा चेहरा कायमचा फार कमजोर झाला आणि साधारण हजारात एकाचा जीव गेला. तेव्हापासून तंत्र सुधारलं आहे. तरीही हे आकडे ऐकूनच निर्णय घ्यायचा.

ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा झेपणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, इंजेक्शनची. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत बिघडलेली मांसाची सॉसेजं खाऊन माणसं लुळी पडायची, मरायची. त्या विषाचा अभ्यास होत होत १९७० नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी त्याचा अगदी सूक्ष्म डोस औषध म्हणून वापरला. १९८९ साली अमेरिकेत त्याला डोळ्यांच्या आजारांसाठी मान्यता मिळाली. तेच बोटॉक्स. सिनेमातल्या नट्या सुरकुत्यांसाठी घेतात असं आपण ऐकतो, पण आधी ते अशा रोग्यांच्या कामी आलं. त्याने स्नायू तात्पुरता सैल पडतो. गुण साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. मुळाशी असलेला दाब त्याने जात नाही.

हे ज्ञान आपल्या वाटेला कसं आलं? स्वतंत्र भारतात १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. राममूर्ती यांनी काम सुरू केलं. मुंबईत बेळगाव भागातून आलेले डॉ. राम गिंडे आणि केईएमचे डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने हे शास्त्र रुजवलं. नाशिककरांसाठी मेंदूचा दवाखाना म्हणजे कितीतरी वर्षं मुंबईच. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली. त्या गाडीने नोकरदार रोज जातात, तसे हातात एक्स-रेची मोठी पाकिटं घेतलेले रोगीही गेले. मग १९९० च्या आसपास आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच स्थापन झालं. आज राज्यभरातल्या डॉक्टरांच्या परीक्षा आपल्या गावातून घेतल्या जातात. आता एमआरआय आणि मेंदूविकाराचे डॉक्टर नाशिकमध्येच भेटतात. पुण्यात डॉ. जयदेव पंचवाघ यांच्यासारखे सर्जन या शस्त्रक्रियेवर विशेष काम करतात आणि त्याबद्दल मराठीतून लिहितातही.

बरं, सलमान खानला झालं होतं ते हेच का, असं आम्हाला बऱ्याच जणी विचारतात. नाही. त्याचा आजार पाचव्या मज्जातंतूचा, चेहऱ्यात असह्य कळ येण्याचा. त्यासाठी त्याने २०११ साली अमेरिकेत उपचार घेतले. मूळ बऱ्याचदा तसंच असतं, रक्तवाहिनीचा दाब. पण तिथे चेहरा दुखतो, इथे उडतो.

आता ताईंचं सांगतो. एमआरआयमध्ये वेटोळं दिसलं. गाठ वगैरे काही नाही याचीही खात्री झाली. आधी दीड वर्ष इंजेक्शनं घेतली. गुण यायचा, पण दर चार महिन्यांनी पैसे, एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जायची. शेवटी त्यांनी शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. गटाने अंतर्गत कर्ज दिलं. ठराव मांडताना एक वहिनी म्हणाल्या, "म्हशीसाठी देतो, मग चेहऱ्यासाठी का नाही?" त्यावर कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी सह्या केल्या.

शस्त्रक्रियेनंतर चेहरा लगेच थांबला नाही. पहिल्या आठवड्यात झटके येतच होते आणि घरचे घाबरले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की काही जणांना शांत व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. ताईंना अडीच महिने लागले. डाव्या कानात अजून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, हेही सांगायला हवं. त्या म्हणतात, "शिट्टी मला एकटीलाच ऐकू येते. त्यावरून कुणी मला नाव ठेवत नाही."

तर मैत्रिणींनो, जाता जाता तीन गोष्टी लक्षात ठेवा. जागरण, ताण, फार चहा यामुळे पापणी चार-आठ दिवस लवते आणि आपोआप थांबते. त्याला घाबरू नका, शुभ म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण फडफड महिनाभर थांबली नाही, गालावर उतरली, एकाच बाजूला राहिली आणि झटक्याला भुवई वर जात असेल, तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना, म्हणजे न्यूरोलॉजिस्टना दाखवा. मोबाईलवर झटक्याचा व्हिडिओ काढून न्या, म्हणजे त्यांच्यासमोर झटका आला नाही तरी भुवई दिसेल.

दुसरी गोष्ट पैशाची. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. तपासण्यांवर खर्च करण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा आणि आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारा. बसत नसेल तर पूर्ण खर्चाचा अंदाज लेखी मागा. मागायला लाजू नका.

तिसरी गोष्ट आपल्या गटाची. गोदाकाठच्या आपल्या गावाचं नाव नाकावरून पडलं असं सांगतात, शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून. बाईचा चेहरा आणि तिची अब्रू एकच धरायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. गटातली एखादी बाई पदराने तोंड झाकून बसायला लागली, बैठकीला येईनाशी झाली, तर तिच्याबद्दल काय बोललं जातंय ते ऐकत बसू नका. तिच्या घरी जा, समोर बसा आणि तिच्या भुवईकडे नीट बघा.

ताई आता बैठकीला येतात. मागच्या महिन्यात गटाचा हिशेब त्यांनीच वाचून दाखवला. पदर खांद्यावर होता.

नमस्कार.